तक्ता पाठ झाल्यावरही

"डोळे फुटलेत का मेल्याचे!"

असं मी म्हणाले, आणि चांगल्या खणखणीत आवाजात म्हणाले. त्या शहरात मराठीचा एवढा एकच फायदा होता. कुणालाही काहीही बोलावं, समोरचा हसून मान डोलावणार. बँकेतल्या कारकुनाला मी एकदा, "तुझं थोबाड बघायला आलेय का मी?" असं लाडिक आवाजात विचारलं होतं, आणि त्यानं तितक्याच अगत्यानं मला बसायला खुर्ची दिली होती.

त्या दिवशी पाऊस नेहमीसारखा दुपारच्या चहानंतर आला. तिथे पाऊस नोकरीवर यावा तसा रोज येतो, कुणाला त्याचं कौतुक नाही. सगळा बाजार पत्र्याच्या छपराखाली दाटीवाटीनं उभा होता, आणि एका उंच माणसानं मिटलेली छत्री सरळ माझ्या बरगडीत खुपसली. हातातली पिशवी सुटली. टोमॅटो चहूकडे पळाले.

"फुटलेत बहुतेक," छत्रीवाला म्हणाला. "पण मेल्या म्हणण्याइतकी आपली ओळख आहे का?"

कितीतरी महिन्यांत समोरासमोर बोललेलं मराठी माझ्या कानावर पडलं नव्हतं. आता आपल्याला रडू येणार असं वाटलं, म्हणून मी घाईघाईनं टोमॅटो वेचायला वाकले. तोही वाकला. स्वतःच्या बुटाशी पडलेला टोमॅटो सोडून तो लांबचे गोळा करत होता. गोंधळलाय बिचारा, असं मला वाटलं... आणि खरं सांगते, ते बघून बरं वाटलं.

"सॉरी हं," मी म्हणाले. "मला वाटलं, इथे कुणाला कळत नाही."

"मलाही तसंच वाटायचं. मी तर बंदरात दिवसभर मोकळ्या गळ्यानं शिव्या देतो."

"कुणाला?"

"क्रेनला. मी क्रेन चालवतो. आणि तुम्ही?"

"मी डोळे तपासते. नदीजवळच्या दवाखान्यात."

टोमॅटो हातात धरून तो तसाच उभा राहिला. मग त्यानं तो माझ्या पिशवीत ठेवला – म्हणजे पिशवीच्या शेजारी ठेवला, तो पुन्हा खाली पडला, आणि आम्ही दोघंही हसलो.

"मग तर मला यायलाच हवं," तो म्हणाला.

मी त्या वाक्याचा मला हवा तो अर्थ घेतला. घरी जाताना छत्री उघडायचीसुद्धा विसरले.

मला इकडे पाठवणाऱ्या एजन्सीतल्या बाईनं 'अगदी शांत शहर आहे' असं सांगितलं होतं, आणि ती खोटं बोलली नव्हती. एक मोठी नदी, नदीवर छोटंसं बंदर, बंदरापासून निघणारा एक लांब रस्ता. दुपारी दुकानं मिटायची. कुत्री रस्त्याच्या मधोमध झोपायची आणि गाड्या त्यांना वळसा घालून जायच्या. लोक सरळ होते, कुणाचा म्हणून त्रास नव्हता. घरमालकीण पपई आणून द्यायची, मी आभार मानायचे, ती हसायची, मी हसायचे, की संपलं आमचं बोलणं. तिथली भाषा मला दवाखान्यापुरती यायची. हनुवटी इथे टेका, वर बघा, खाली बघा, आता हे स्पष्ट दिसतं की हे? एवढ्यावर नोकरी होते, जगणं होत नाही. संध्याकाळी मी भिंतीवरच्या पालीशी गप्पा मारायचे. ती थोडा वेळ ऐकून घ्यायची आणि मग कंटाळून ट्यूबलाइटच्या मागे निघून जायची.

रविवारी घरून फोन यायचा. आई विचारायची, जेवलीस का, काय जेवलीस, आणि मग मावशी तिच्या हातून फोन ओढून घ्यायची.

"तिकडे कुणी आहे का गं बघण्यासारखं?"

"मावशी, मी दिवसभर लोकांच्या डोळ्यांतच बघत असते."

"अगं मग त्यातलाच एखादा पसंत कर की!"

फोन ठेवला की खोली आधीपेक्षा मोठी वाटायची. कुठल्या तरी पावसाळी दुपारी आपण इथेच मरून पडू आणि घरमालकीण पपई दाराशी ठेवून हसून निघून जाईल, असं माझ्या मनात यायचं. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. सांगणार कुणाला, पालीला?

आणि मग तो आला. बाजारातल्या त्या भेटीच्या दुसऱ्याच दिवशी.

आमचे डॉक्टरसाहेब म्हातारे. दुपारी घरी जायचे ते सकाळीच उगवायचे. संध्याकाळचा दवाखाना म्हणजे मी, दुरुस्तीला आलेले दोन-चार चष्मे आणि तपासणीची अंधारी खोली. सगळ्या इमारतीत तेवढी एकच खोली गार होती. ड्यूटी संपवून, भिजलेले बूट दाराशी काढून तो आत येऊन बसला आणि जणू जुनी ओळख असावी तसा म्हणाला, "चहा पाजता का, चष्मेबाई?"

"हा दवाखाना आहे."

"मग औषध म्हणून पाजा."

चहा पिता पिता तो खोलीभर फिरला. भिंतीवरच्या आकड्यांच्या तक्त्यापाशी जाऊन उभा राहिला, मागे हात बांधून, नाक जवळजवळ कागदाला टेकवून. आणि पाढे म्हणावेत तसा वाचायला लागला. "पाच. दोन, नऊ. सहा, आठ, तीन..."

"अहो क्रेनवाले, तिथून काय, कुणीही वाचेल! लांबून वाचा."

"लांबून तुम्हाला बघतो. तक्ता जवळून बघतो."

मी कपाट आवरायला लागले. त्या कपाटात आवरण्यासारखं काही नव्हतं.

असा तो रोज यायला लागला. किती बोलायचो आम्ही! अर्ध्या वेळा तर काहीच्या बाही. घरी भांडी कोण घासायचं, कोणाच्या काकांना घोरण्यावरून लग्नाच्या पंगतीत कसं हलवून जागं केलं, कोणती आत्या कुणाशी का बोलत नाही. त्याला एक मोठा भाऊ होता, दादा. त्याच्याविषयी मात्र तो फार बोलायचा नाही. मी बोलायचे तेव्हा तो ऐकायचा, आणि ऐकताना माझ्या चेहऱ्याकडे बघायचा नाही. त्याची नजर माझ्या डाव्या कानाशी टेकलेली असायची. आधी मला गंमत वाटली. लाजतोय, एवढा बाप्या माणूस! मग एकदा आरशासमोर उभी राहून मी स्वतःचा डावा कान नीट बघितला. साधाच होता, त्यात जुनं बारीकसं खड्याचं कानातलं.

मी धाकट्या बहिणीला फोन केला. "मला कानातली पाठव. लोंबणारी. हिरवी."

"कुणासाठी गं एवढी नटतेस? पेशंटसाठी?"

"पाठव म्हटलं की पाठवायची."

कानातली आली. मी ती घालून मान जरा जास्तच हलवत चहा केला. तो माझ्या कानाकडे बघत राहिला, इतक्या प्रेमानं, की माझ्या हातून साखर दोनदा पडली.

"आज काहीतरी वेगळं आहे," तो म्हणाला.

"काय?"

"तुझा आवाज."

तो 'तू' पहिल्यांदाच म्हणाला होता. कानातल्यांविषयी काही बोलला नाही याचं वाईट वाटायला मला वेळच मिळाला नाही.

रविवारी आम्ही नदीच्या बांधावर फिरायला जायचो. पायऱ्या आल्या की तो माझा हात धरायचा, अगदी हक्कानं, आणि पायऱ्या संपल्या तरी सोडायला विसरायचा. पावसाचे थेंब त्याच्या पापण्यांवर अडकायचे. मला ते पुसावेसे वाटायचे... आणि एकदा मी पुसलेही. त्यानं ते बोट धरून ठेवलं आणि म्हणाला, "माझ्या दाखल्याची तपासणी आलीय पुढच्या आठवड्यात. ती झाली की तुला एक विचारायचंय."

"आत्ता विचार ना."

"नाही. त्यात पास झालो की. मग एक वर्ष पक्कं होईल, मग विचारण्यात अर्थ."

तो दाखला म्हणजे काय ते सांगायला हवं. क्रेन चालवणाऱ्यांना दरवर्षी डोळे तपासून घ्यावे लागायचे, आणि बंदराची सगळी माणसं आमच्याच दवाखान्यात यायची. दाखला नाही तर नोकरी नाही, आणि नोकरी नाही तर त्या देशात राहायची परवानगी नाही. आम्हा बाहेरच्या माणसांचं सगळं असंच एकमेकांत अडकलेलं असतं. पण मला त्याची कसली काळजी वाटणार? तिशीतला धडधाकट माणूस. तपासणार मी, सही माझी. मी तर त्या दिवसाची मावशीपेक्षा जास्त आतुरतेनं वाट बघत होते.

त्या हवेत सगळ्याला बुरशी येते. चपलांना, पुस्तकांना, चष्म्याच्या काचांनासुद्धा. भिंतीवरच्या तक्त्याच्या कडेनंही काळे ठिपके चढले होते. तो येणार म्हणून मी आदल्या दिवशी खोली लख्ख पुसली, जुना तक्ता काढून फेकला आणि कपाटात पडलेला नवा कोरा तक्ता टांगला. हिरवी कानातली घातली. मला ती खोली त्याच्यासाठी छान दिसायला हवी होती.

तो इस्त्रीचा शर्ट घालून आला. खुर्चीत बसला. मी त्याचा एक डोळा झाकला, दिवा मंद केला आणि गंभीर चेहऱ्यानं म्हणाले, "वाचा, क्रेनवाले."

"पाच," तो म्हणाला. "दोन, नऊ. सहा, आठ, तीन."

मी हसले. चिडवतोय मला, असं वाटलं. नव्या तक्त्यावर सगळ्यात वर एक भलामोठा सात होता, दारातून कुणालाही दिसावा असा.

"चार, एक, सात, दोन," तो पुढे जात होता, न अडखळता, चेहऱ्यावर मिस्कील हसू. "खालची ओळ म्हणू? नऊ, तीन, पाच, सहा, आठ. अगदी शेवटची पण येते मला."

"पुरे," मी म्हणाले.

"पास?"

मी वळून तक्त्याकडे बघितलं. एसीचा तेवढा आवाज येत होता. त्याचं हसू हळूहळू उतरत गेलं.

"काय झालं?"

"मी तक्ता बदललाय," मी म्हणाले. "काल."

त्यानं मान खाली घातली. मग मी काय केलं तर माझं काम केलं. मला दुसरं काहीच सुचत नव्हतं. त्याला यंत्रापाशी बसवलं, हनुवटी टेकवायला लावली, आणि त्याच्या डोळ्याच्या आत, मागच्या पडद्याकडे बघितलं. इतक्या जवळून मी त्याच्याकडे कधी बघितलं नव्हतं. पडद्याच्या नेमक्या मधोमध, जिथून माणूस वाचतो आणि चेहरे ओळखतो, तिथला भाग झिजून गेला होता. दोन्ही डोळ्यांत. यावर चष्मा नाही, ऑपरेशन नाही, काही नाही. मी यंत्राचा दिवा बंद केला.

"किती दिवस माहिती आहे तुला?" मी विचारलं.

"दोन वर्षं होतील. गेल्या वर्षी डॉक्टरसाहेबांनी तपासलं तेव्हा थोडं दिसत होतं. रेटलं."

"म्हणून येत होतास? रोज? चहाला?" माझा आवाज चिरकला. "तक्ता पाठ करायला?"

"हो," तो म्हणाला. "आधी त्याच्यासाठीच आलो होतो."

कपाट आवरणं, सांडलेली साखर, बहिणीला केलेला फोन... सगळं एकदम आठवलं आणि मला माझीच इतकी लाज वाटली, की त्याच्यासमोरून उठून जावंसं वाटलं.

"तो तक्ता पाठ व्हायला किती वेळ लागतो गं?" तो हळूच म्हणाला. "पहिल्या आठवड्यातच पाठ झाला होता. त्यानंतर किती महिने येतोय मी?"

"खोटं बोलू नकोस. तू माझ्याकडे कधी धड बघितलंसुद्धा नाहीस. सतत कानाकडे..." आणि मी थांबले.

थांबले, कारण तेव्हा मला कळलं. डोळे तपासणं हे माझं पोट भरायचं काम. अशी माणसं बघायची कशी हे मला शिकवलंय, त्याची परीक्षा देऊन मी पास झालेय. ज्यांच्या नजरेचा मधला भाग जातो ती माणसं समोरच्याच्या जरा बाजूला बघतात, कारण बाजूचं अजून शाबूत असतं. दुसरा कुणी असता तर मी पहिल्या भेटीतच त्याला खुर्चीत बसवलं असतं. बुटाशी पडलेला टोमॅटो, पायऱ्यांवर धरलेला हात, सगळं माझ्या डोळ्यांदेखत झालं होतं. आणि मी काय केलं? कानातली मागवली.

"सरळ बघितलं की तू नसतेसच," तो म्हणाला. "मध्ये नुसता धुरकट डाग असतो. कानाकडे बघितलं की मग तू येतेस. नाक येतं, हसतेस ते येतं. मी तुझ्याकडेच बघत होतो गं."

मी रडायला लागले. त्याला ते दिसलं की ऐकू आलं, कोण जाणे.

"आणि ही कानातली," मी नाक ओढत म्हणाले, "तुझ्यासाठी मागवली. हिरवी आहेत."

"हिरवी होय? मला वाटलं, काळी." आणि तो हसला. मग मीही हसले. काय करणार?

मग तो जरा पुढे सरकला. "सही कर," तो म्हणाला. "एकच वर्ष. मग मी स्वतःच सोडून देईन."

"खाली माणसं असतात."

"खालून एक जण वॉकीटॉकीवर सगळं सांगत असतो. डावीकडे घे, हळू, थांब. मी त्याच्या आवाजावर चालवतो. आजपर्यंत काही..."

"आजपर्यंत काही काय?"

त्यानं शर्टाच्या बाहीची घडी उलगडली, पुन्हा घातली. मग म्हणाला, "गेल्या महिन्यात एक खोकं हातगाडीवर उतरवलं मी. गाडीचा चुराडा झाला. गाडीवाला पाणी प्यायला गेला होता."

"आणि गेला नसता तर?"

मी पेन उचललं. एक सही केली असती तर तो राहिला असता. संध्याकाळचा चहा राहिला असता, रविवारचा बांध राहिला असता, आणि तो मला जे विचारणार होता ते त्यानं विचारलं असतं. ती सही मला त्याच्यासाठी करायचीच नव्हती, माझ्यासाठी करायची होती. मला परत त्या पालीकडे जायचं नव्हतं. पण मला दिसत होता तो गाडीवाला, पाणी पिऊन, तोंड पुसत परत येणारा. मी 'अपात्र' असं लिहिलं आणि खाली सही केली.

तो उठला. दाराशी बूट घालताना त्याला नाडी सापडेना. मी वाकून बांधायला गेले तर एकदम ओरडला, "नको!" आणि तसाच पावसात गेला.

पुढचे दिवस मी दवाखान्यात आलेल्या प्रत्येकाला वर बघा, खाली बघा म्हणत होते आणि दाराकडे बघत होते. तो आला नाही. शेवटी डॉक्टरसाहेबांनीच सांगितलं की बंदरानं त्याला कामावरून काढलंय आणि रविवारच्या बोटीनं तो निघतोय. विमानतळ लांब होता, नदीच्या तोंडाशी. शहर सोडणारा प्रत्येक जण बोटीनंच जायचा.

मी त्याच्या खोलीवर गेले. दोरखंड आणि लोखंडी आकडे विकणाऱ्या दुकानाच्या वर त्याची खोली होती. तो पलंगावर बसून बॅग भरत होता, एकेक कपडा डोळ्यांच्या अगदी कडेला धरून. मला बघून, म्हणजे माझ्या कानाकडे बघून, तो म्हणाला, "आलीस? ये. मी रागावलो नाहीये. खरं सांगू, त्या दिवशी रात्रभर गाढ झोपलो. वर केबिनमध्ये बसलं की खाली कोण असेल याची धास्ती वाटायची, ती गेली."

"मी येते तुझ्याबरोबर," मी म्हणाले. हे वाक्य मी वाटभर घोकत आले होते, तरी घाईतच निघालं. "माझं कॉन्ट्रॅक्ट मोडते. लग्न करू आपण."

त्याचा हात बॅगेतच राहिला.

"दया येतेय तुला."

"मूर्ख आहेस का? तू मला आवडतोस. मला इथे दुसरं काहीच आवडत नाही, तू सोडून. मी तुझ्यावर प्रेम करते, कळलं? दया कशाची आलीय!"

त्यानं मला शेजारी बसवून घेतलं. माझा हात हातात घेतला. बाहेर पत्र्यावर पाऊस वाजत होता.

"दादाला हेच आहे," तो म्हणाला. "आमच्या घरातच आहे ते. त्याला माझ्याआधी झालं. चालतो-फिरतो, पण चेहरे गेले. वहिनी सतत त्याच्या बाजूला असते. कुणी समोर आलं की त्याच्या कानात सांगते, हे अमके, हे तमके. आधी काय खिदळायची ती! नकला करायची सगळ्यांच्या. गेल्या खेपेला मी घरी गेलो, दारात उभा राहिलो, दादा माझ्याकडे बघून नुसता हसला, जसं पाहुण्याकडे बघून हसतात तसा. आणि वहिनी म्हणाली, अहो, तुमचा भाऊ आलाय. एवढंच म्हणाली. दिवसभरात ती तेवढंच बोलते आता. कोण आलं, कोण गेलं."

"मी वहिनी नाही."

"वहिनी पण वहिनी नव्हती गं, आधी."

मी खूप बोलले. चिडले, भांडले, त्याला गाढव म्हणाले, भित्रा म्हणाले. तो ऐकत होता. माझं सगळं बोलून झाल्यावर म्हणाला, "दाखला मिळाला असता तर हेच विचारणार होतो तुला. माझ्याशी लग्न करशील का, असं. आता नाही विचारत."

"मी हो म्हणाले समज."

"समजलो," तो म्हणाला. "तेवढं बरोबर नेतो."

मी निघाले तेव्हा दारापर्यंत आला. "फोन नको करूस," तो म्हणाला. "तुझा आवाज ऐकला की मी ये म्हणेन, आणि तू येशील." मग जरा थांबून, "रविवारी येशील ना बोटीवर? पिवळं काहीतरी घाल. पिवळं मला लांबून कळतं. गर्दीत शोधीन तुला."

माझ्याकडे पिवळं काही नव्हतं. दुसऱ्या दिवशी सगळा बाजार पालथा घातला तेव्हा एक पिवळी ओढणी मिळाली, हळदीसारखी पिवळी. ती मी डोक्यावरून घेतली.

रविवारी धक्क्यावर जत्रा असावी तशी गर्दी होती. तो बोटीत चढेपर्यंत आम्ही काही विशेष बोललो नाही. पाण्याची बाटली घेतलीस का, तिकीट वरच्या खिशात ठेव, असलंच. त्यानं माझ्या चेहऱ्यावरून एकदा बोटं फिरवली, कपाळापासून हनुवटीपर्यंत, भर गर्दीत. मग हमालानं त्याची बॅग उचलली आणि तो फळीवरून आत गेला.

इंजिन सुरू झालं, धूर आला. लोक कठड्याशी पुढे घुसले आणि मी मागे ढकलली गेले. टाचा उंचावून बघते तर तो वरच्या मजल्यावर उभा होता, कठड्याला धरून, मान जरा वळवून, धक्क्यावर मला शोधत. मी ओढणी काढून हलवायला लागले. "इकडे!" मी ओरडले. "अरे इकडे, इकडे!" त्या इंजिनाच्या धडधडीत माझं मलाच ऐकू येईना.

आणि त्याला मी सापडले. त्याचा चेहरा एकदम उजळला, हात वर गेला, जोरजोरात हलायला लागला. पण तो माझ्या बाजूला बघत नव्हता. तो कानाकडे बघतो तसं ते बाजूला बघणंही नव्हतं. धक्क्याच्या पार दुसऱ्या टोकाला, कठड्यापाशी, एक बाई उभी होती. पिवळाधमक रेनकोट घातलेली, वयस्कर. कुणाला तरी सोडायला आली असावी.

तिनं आधी मागे वळून बघितलं. मग आजूबाजूला. आपल्यालाच हात करतोय हे कळल्यावर ती गोंधळली, आणि मग तिनंही हात वर केला. हलवला. तो वरून हसला, रडला, दोन्ही हात हलवायला लागला. ओठ हलत होते त्याचे. काय म्हणत होता ते त्या बाईला कळणार नव्हतं, आणि मला ऐकू येत नव्हतं.

मी गर्दीतून रेटत तिच्याकडे पळाले असते. दोन पावलं गेलेही. पण त्यानं तिच्यावरची नजर काढली असती, पुन्हा शोधलं असतं, आणि त्याला कळलं असतं. मी ओढणी खाली घेतली आणि हातात चुरगळून धरली.

ती बाई मात्र, कोण कुठली, बोट वळणाआड जाईपर्यंत हात हलवत राहिली.